सैनिकाचें पेन्शन आणि पत्नीचा वांटा

संसार मोडला म्हणजे घर विकून त्याचे पैसे दोन ठिकाणीं करतां येतात, भांडींकुंडीं मोजून वांटतां येतात, दागदागिने ज्याचे त्याला देतां येतात. परंतु जी मिळकत अद्याप हातीं आलेलीच नाहीं, जी महिन्याच्या महिन्याला यावयाची, आणि ज्याच्या नांवावर ती आहे त्याचा श्वास चालेल तोंवरच यावयाची, तिचे दोन भाग कसे करावयाचे? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सैनिकांच्या पेन्शनाच्या निमित्तानें हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या तीव्रतेनें पुढें आला. तेथील निरनिराळ्या संस्थानांचीं न्यायालयें, राष्ट्राचें सर्वोच्च न्यायालय आणि काँग्रेस हें विधिमंडळ, अशा तिन्ही सत्तांना त्याचें उत्तर शोधावें लागलें. आणि तिघांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळलीं नाहींत. वरवर पाहतां हा हिशेबाचा वाद आहे. खोल पाहिलें तर, दोन माणसांनीं मिळून काढलेल्या वर्षांचें फळ एकाच्याच नांवावर जमा झालें असतां तें कोणाचें, हा त्यांतला खरा प्रश्न आहे.

प्रथम हें पेन्शन म्हणजे काय तें पाहणें अवश्य आहे. स्वातंत्र्ययुद्ध चालू असतां, इ. स. १७८० मध्यें, अमेरिकन काँग्रेसनें युद्धाच्या अखेरपर्यंत टिकून राहणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना आजन्म अर्धा पगार देण्याचें वचन दिलें. पण तिजोरींत पैसा नव्हता. शिवाय बसून खाणाऱ्या अधिकाऱ्यांचा एक वर्गच निर्माण होईल, अशी भीति पुष्कळ लोकांना वाटत होती. म्हणून १७८३ मध्यें त्या वचनाचें रूपांतर पांच वर्षांच्या पूर्ण पगारांत करण्यांत आलें. म्हणजे या पेन्शनाचा जन्मच मुळीं वचन, उपकार आणि काटकसर यांच्या ओढाताणींत झाला. पुढें यादवी युद्धाच्या आरंभीं, १८६१ मध्यें, चाळीस वर्षें नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांना निवृत्त होण्याची सोय झाली; १८८५ मध्यें तीस वर्षें सेवा केलेल्या साध्या शिपायांनाही ती मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर वीस वर्षांची सेवा हा सर्वसाधारण दंडक ठरला.

या पद्धतीचें गणित सोपें होतें. सेवेच्या दर वर्षामागें मूळ पगाराच्या शेकडा अडीच. म्हणजे वीस वर्षांस निम्मा पगार आणि तीस वर्षांस पाऊण. मात्र वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं जो नोकरी सोडी त्याला सामान्यतः या पेन्शनांतील एक कवडीही मिळत नसे. १ जानेवारी २०१८ पासून नव्यानें भरती होणाऱ्यांसाठीं मिश्र पद्धति सुरू झाली. तींत दर वर्षामागें शेकडा दोनच धरतात. पण सरकार सैनिकाच्या बचतखात्यांतही भर घालतें, आणि वीस वर्षें पुरीं न करतां जाणाऱ्यालाही तें खातें बरोबर नेतां येतें. तथापि ऐन विशींत भरती झालेला मनुष्य चाळिशीच्या सुमारास निवृत्त होतो आणि उरलेलें सारें आयुष्य दरमहा पेन्शन घेतो, हें चित्र बदललेलें नाहीं. अशा कुटुंबांत राहत्या घराखेरीज दुसरी मोठी मिळकत म्हणजे हें पेन्शनच असतें. आणि सतत बदल्या होत राहिल्यामुळें पुष्कळांपाशीं स्वतःचें घरही नसतें.

आतां या पैशाला नांव कोणतें द्यावयाचें? येथें तीन नांवें संभवतात. राष्ट्रानें कृतज्ञतेनें दिलेली ती देणगी आहे असें म्हटलें, तर देणगी ज्याला दिली त्याची. तो कमी केलेला पगार आहे असें म्हटलें, तर घटस्फोटानंतर मिळणारा पगार ज्याचा त्याचाच. ही दुसरी कल्पना अगदींच निराधार नव्हे. निवृत्त अधिकारी लष्करी कायद्याच्या अमलांतून पूर्णपणें सुटत नाहीं. गरज पडल्यास त्याला पुन्हा कामावर बोलावितां येतें. आणि 'संयुक्त संस्थानें विरुद्ध टायलर' या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, निवृत्त अधिकारी हा अद्याप सेनेचाच माणूस आहे, असें ठरविलें होतें. तिसरें नांव मिळकत. पेन्शन म्हणजे पूर्वीं केलेल्या कामाचा लांबणीवर टाकलेला मोबदला असें मानलें, आणि ज्या वर्षांत तें काम झालें त्या वर्षांत संसार चालू असला, तर त्या मोबदल्यावर पत्नीचाही हक्क पोंचतो. रक्कम तीच, चेक तोच. परंतु नांव बदललें कीं मालक बदलतो. पुढील सर्व इतिहास या नांवाच्या वादाचाच आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हता, हें कळण्यासाठीं सैनिकाच्या पत्नीचें आयुष्य ध्यानांत घेतलें पाहिजे. अमेरिकन सैनिकाला दर दोनतीन वर्षांनीं बिऱ्हाड हलवावें लागतें. आज टेक्सास, उद्यां जर्मनी, परवां हवाई बेटें. १९४१ मध्यें नॅन्सी शी या लेखिकेचें 'दि आर्मी वाइफ' नांवाचें पुस्तक प्रसिद्ध झालें. छावणींतील जीवनाच्या रीतिभाती नववधूला समजावून देणें हा त्याचा उद्देश. त्यासाठीं स्वतंत्र पुस्तक लिहावेंसें वाटावें, यावरूनच सैनिकाची पत्नी होणें हाही एक व्यवसाय होता, आणि तो बिनपगारी होता, हें उघड होतें. हा व्यवसाय सांभाळून स्वतःची नोकरी टिकविणें बहुतेक स्त्रियांना अशक्यच होई. १९७४ च्या कायद्यानें खाजगी नोकरांच्या पेन्शनाला संरक्षण दिलें खरें; परंतु त्या काळीं पुष्कळ योजनांत हक्क पक्का होण्यास एकाच धन्याकडे दहा वर्षें काम व्हावें लागे. दोन वर्षांनीं गांव सोडणाऱ्या स्त्रीला तें कोठून साधणार? सरकारी सामाजिक विम्याच्या योजनेंत घटस्फोटितेला पतीच्या नोंदीवर कांहीं लाभ मिळे. पण १९६५ च्या नियमाप्रमाणें त्यासाठीं विवाह वीस वर्षें टिकलेला असावा लागे, आणि ही अट दहा वर्षांवर आली ती १९७७ च्या दुरुस्तीनें. म्हणजे उतारवयांत घटस्फोट झाला, तर पतीच्या हातीं आजन्म पेन्शन आणि पत्नीच्या हातीं दहा गांवांच्या आठवणी, अशी स्थिति होई.

या स्थितीवर उपाय प्रथम निघाला तो पश्चिमेकडील संस्थानांत, आणि त्याचें मूळ स्पेनमध्यें सांपडतें. इंग्रजी परंपरेच्या संस्थानांत मालमत्ता ज्याच्या नांवावर त्याची, असा मूळ नियम होता; न्याय्य वांटणी करण्याचा अधिकार तेथील न्यायालयांना पुढें हळूहळू मिळाला. परंतु कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना हे प्रदेश पूर्वीं स्पेनच्या आणि नंतर मेक्सिकोच्या अमलाखालीं होते. विवाहकाळांत पतिपत्नींपैकीं कोणींही मिळविलेलें द्रव्य दोघांचें, हा स्पॅनिश कायद्याचा नियम तेथें अमेरिकन राजवटींतही कायम राहिला. मराठी श्रोत्यांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. गोमंतकांत १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेबरोबर आलेली, विवाहापूर्वीं वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानण्याची पद्धति याच इबेरियन परंपरेंतली आहे.

तरीही पेन्शनाच्या बाबतींत कॅलिफोर्नियाचीं न्यायालयेंसुद्धां दीर्घ काळ साशंक होतीं. १९४१ मध्यें तेथील वरिष्ठतम न्यायालयानें, अद्याप पक्कें न झालेलें पेन्शन ही निव्वळ आशा आहे, मिळकत नव्हे, असा निर्णय दिला. तेहतीस वर्षांनीं, १९७४ मध्यें, फिथियन प्रकरणांत त्याच न्यायालयानें लष्करी पेन्शन सामाईक मिळकतींत मोडतें असें ठरविलें. आणि १९७६ मध्यें ब्राउन प्रकरणांत 'निव्वळ आशा' हा जुना सिद्धांतही टाकून दिला. पेन्शनाचें वचन नोकराला मिळतें तें त्याच्या कामाच्या बदल्यांत; तेव्हां तो धन्याचा प्रसाद नसून करारांतून निघणारा हक्क आहे, अशी ही नवी विचारसरणी. याच सुमारास, १ जानेवारी १९७० पासून, कॅलिफोर्नियांत कोणाचाही दोष सिद्ध न करतां घटस्फोट मिळूं लागला होता. घटस्फोटाचें दार रुंद झाल्यावर वांटणीचा प्रश्नही घरोघर येणें क्रमप्राप्तच होतें.

अशा वेळीं एका लष्करी डॉक्टराचा खटला उभा राहिला. 'मॅक्कार्टी विरुद्ध मॅक्कार्टी' या नांवानें तो प्रसिद्ध आहे. १९५७ मध्यें विवाह झाला तेव्हां पति वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षांत शिकत होता. पुढें तो सेनेंत दाखल झाला. आणि पेन्सिल्व्हेनिया, हवाई, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, टेक्सास अशा ठिकाणीं त्याच्याबरोबर संसारही फिरला. १९७६ मध्यें दोघें विभक्त झालीं तेव्हां त्याची सुमारें अठरा वर्षें सेवा झाली होती. ती सारी सेवा विवाहकाळांतच घडली होती. मात्र पेन्शन पदरांत पडण्यास दोन वर्षांचा अवधि होता. तें मिळूं लागल्यावर त्यांतील सुमारें शेकडा ४५ भाग पत्नीस द्यावा, असा हुकूम कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें केला. पति थेट राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि २६ जून १९८१ रोजीं त्या न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला.

बहुमताचा निर्णय न्यायमूर्ति ब्लॅकमन यांनीं लिहिला. पेन्शन हा पगार कीं मिळकत, या जुन्या वादाचा निकाल त्यांनीं लावलाच नाहीं. काँग्रेसनें हें द्रव्य निवृत्त सैनिकासाठींच योजिलें आहे, आणि संस्थानांच्या न्यायालयांनीं तें तोडून दिलें तर दोन राष्ट्रीय हेतु विफल होतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. निवृत्ताच्या पोटापाण्याची व्यवस्था हा एक हेतु. आणि तरुणांनीं सेनेकडे वळावें व वयस्कांनीं वेळेवर जागा मोकळी करावी, यासाठीं ठेविलेलें आमिष हा दुसरा. १९७९ मध्यें रेल्वेच्या नोकरांच्या पेन्शनाविषयीं दिलेला तसाच एक निर्णय त्यांच्यापुढें होता. न्यायमूर्ति रेन्क्विस्ट यांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें. विवाह आणि कुटुंबाची मालमत्ता हा प्रांत संस्थानांचा. काँग्रेसनें स्पष्ट मनाई केल्यावांचून तो त्यांच्या हातून काढून घेणें अयुक्त, असा त्याचा आशय होता. परंतु लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, पत्नीविरुद्ध निकाल देणाऱ्या बहुमतानेंही अशा स्त्रियांची स्थिति पुष्कळदां गंभीर असते हें मान्य केलें, आणि तिचें निवारण करणें काँग्रेसच्या हातीं आहे असें सांगून तो प्रश्न विधिमंडळाच्या दारीं नेऊन ठेविला.

विधिमंडळांत हा प्रश्न उचलून धरणारी व्यक्ति तयारच होती. कोलोरॅडो संस्थानाच्या प्रतिनिधि पॅट्रिशिया श्रोडर या १९७३ पासून प्रतिनिधिगृहाच्या सेनासमितीवर होत्या. समितीच्या अध्यक्षांना स्त्रीचें आगमन इतकें अप्रिय वाटलें कीं, श्रोडर आणि कृष्णवर्णीय सभासद रॉन डेलम्स या दोघांत मिळून त्यांनीं एकच खुर्ची ठेविली, ही गोष्ट श्रोडर यांनीं पुढें स्वतःच सांगितली आहे. अर्ध्या खुर्चीवर बसलेल्या या बाईंना अर्ध्या हक्काचा अर्थ शिकवावा लागला नाहीं. परराष्ट्र खात्यांतील नोकरांसाठीं १९८० मध्यें जो कायदा झाला त्यानें, दहा वर्षें संसार केलेल्या घटस्फोटितेला पेन्शनाचा प्रमाणशीर हिस्सा मिळाला होता. वकिलातींतून पतीबरोबर देशोदेशीं फिरणाऱ्या पत्नीस जो न्याय, तो छावण्यांतून फिरणाऱ्या पत्नीस कां नसावा, हा प्रश्न आतां टाळणें कठीण झालें.

८ सप्टेंबर १९८२ रोजीं अध्यक्ष रेगन यांनीं संरक्षणखात्याच्या ज्या कायद्यावर सही केली, त्यांतच सैनिकांच्या माजी जोडीदारांचें संरक्षण करणारा भाग समाविष्ट होता. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असतांना १९६९ मध्यें दोषारोपावांचून घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही करणारे हेच रेगन होते. नवा कायदा १ फेब्रुवारी १९८३ पासून अमलांत आला, आणि मॅक्कार्टी निकालाच्या तारखेपर्यंत मागें जाऊन त्यानें त्या निकालाची रेघ पुसली.

पण पुसली ती कितपत? कायद्याचा मुख्य शब्द 'द्यावें' हा नसून 'देतां येईल' हा आहे. काँग्रेसनें पत्नीला पेन्शनाचा वांटा दिला नाहीं. तो द्यावा कीं न द्यावा, हें ठरविण्याची मोकळीक संस्थानांच्या न्यायालयांस परत दिली. न्यायालयानें तसा हुकूम केल्यास सेनेच्या हिशेबखात्यानें रक्कम थेट माजी पत्नीकडे धाडावी, अशी सोयही केली. मात्र त्यासाठीं विवाहाचीं दहा वर्षें आणि त्याच काळांत सेवेचीं दहा वर्षें, अशी जोड जमली पाहिजे. या 'दहा-दहा'च्या अटीनें फार मोठा गैरसमज पसरला. नऊ वर्षांचा संसार असला तर हक्कच नाहीं, असें सैनिकही समजतात आणि त्यांच्या पत्नीही समजतात. वस्तुतः हक्क न्यायालयाच्या हुकुमानें उत्पन्न होतो. दहा वर्षांची अट चेक कोणीं धाडावयाचा एवढ्यापुरतीच आहे. नऊ वर्षांच्या संसारालाही वांटा मिळूं शकतो, पण तो दरमहा माजी पतीच्या हातून घ्यावा लागतो. आणि ज्याच्याशीं कोर्टांत भांडण झालें त्याच्या दारीं दर महिन्याला उभें राहणें म्हणजे काय, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

थेट धाडावयाच्या रकमेला मर्यादाही घातलेली आहे. वांटणी म्हणून ती वांटण्याजोग्या पेन्शनाच्या निम्म्याहून अधिक असूं नये, आणि पोटगी व मुलांचा खर्च धरून एकंदर शेकडा ६५ च्या वर जाऊं नये. सैनिकासाठीं आणखी एक रक्षण ठेविलें आहे. केवळ बदलीमुळें तो ज्या गांवीं येऊन पडला तेथील न्यायालयाला त्याचें पेन्शन वांटतां येत नाहीं. तेथें त्याचें स्वेच्छेचें वास्तव्य वा कायमचें घर असावें लागतें, किंवा त्याची संमति असावी लागते. उलट ज्या स्त्रियांचे घटस्फोट मॅक्कार्टी निकालापूर्वींच होऊन गेले होते आणि ज्यांच्या हुकूमनाम्यांत पेन्शनाचा उल्लेखच नव्हता, त्यांना जुनें प्रकरण उकरून काढण्याची मुभा १९९० च्या दुरुस्तीनें नाकारली. न्याय आला, पण कांहींजणींच्या दारावरून तो तसाच पुढें गेला.

वांटा किती, याचें रूढ सूत्र असें: विवाहकाळांत पडलेले सेवेचे महिने भागिले सेवेचे एकूण महिने, आणि त्याचें निम्में. सेवा २४० महिन्यांची आणि त्यांतील विवाहित १८० असले, तर पाऊण भाग सामाईक. त्याचें निम्में, म्हणजे शेकडा ३७.५, पत्नीचें. पण या सूत्रांतूनच पुढचा वाद निघाला. घटस्फोटाच्या वेळीं पति कॅप्टन असला आणि दहा वर्षांनीं कर्नल होऊन निवृत्त झाला, तर भाग कोणत्या पगाराचा धरावयाचा? कित्येक संस्थानें अखेरच्या पगाराचा धरीत असत. विभक्त झाल्यावर आपण एकट्यानें मिळविलेल्या बढत्यांचें फळ माजी पत्नीनें कां खावें, असें सैनिक विचारीत. पहिल्या दहा वर्षांच्या पायावरच पुढचीं दहा उभीं राहिलीं, असें पत्नीच्या बाजूचे लोक उत्तर देत. २३ डिसेंबर २०१६ च्या कायद्यानें हा वाद सैनिकाच्या बाजूनें मिटविला. त्यानंतरच्या घटस्फोटांत, सैनिक अद्याप निवृत्त झालेला नसल्यास, हुकूमनाम्याच्या दिवशीं त्याचा जो हुद्दा आणि जितकीं वर्षें भरलीं असतील तेवढ्यांवरच हिशेब करावयाचा. महागाईची वाढ काय ती त्यांत मिळवावयाची.

सैनिकांच्या इतर तक्रारीही सर्वस्वीं स्वार्थी होत्या असें म्हणतां येणार नाहीं. जिवाचा धोका एकानेंच पत्करलेला असतो. माजी पत्नीनें दुसरा विवाह केला म्हणजे पोटगी सामान्यतः थांबते, पण पेन्शनाचा वांटा थांबत नाहीं. कारण पोटगी ही गरजेची आणि वांटा हा हक्काचा. हा भेद तर्काला पटतो, पण दरमहा पैसे कापले जाणाऱ्या मनुष्याच्या मनाला पटणें सोपें नाहीं. आणखी असें कीं, कायदा स्त्रीपुरुष असा भेद करीत नाहीं. सेनेंत पत्नी असेल आणि घर पतीनें सांभाळलें असेल, तर वांटा त्यालाही मिळूं शकतो. स्त्रिया सेनेंत मोठ्या संख्येनें दाखल झाल्यावर ही गोष्ट पुस्तकांत राहिली नाहीं.

या कायद्यांतली सर्वांत मोठी फट मात्र अपंगत्वाची ठरली. सेवेंत शरीराला इजा झालेल्या निवृत्त सैनिकास सरकार वेगळी भरपाई देतें, आणि तिच्यावर प्राप्तीवरील कर नसतो. परंतु ती घ्यावयाची तर बहुधा तेवढीच रक्कम पेन्शनांतून सोडून द्यावी लागे. २००४ पासून शेकडा ५० किंवा अधिक अपंगत्व ठरलेल्यांना टप्प्याटप्प्यानें दोन्ही मिळूं लागलीं, इतरांना तो नियम कायम राहिला. १९८२ च्या कायद्यानें अशी सोडलेली रक्कम वांटणींतून वगळली होती. १९८९ मध्यें 'मॅन्सेल विरुद्ध मॅन्सेल' खटल्यांत न्यायमूर्ति मार्शल यांनीं सात विरुद्ध दोन मतांच्या निर्णयांत, कायद्याचे शब्द स्पष्ट असल्यामुळें परिणाम कठोर झाला तरी ते पाळलेच पाहिजेत, असें ठरविलें. न्यायमूर्ति ओकॉनर आणि मॅक्कार्टीचा निर्णय लिहिणारे स्वतः ब्लॅकमन हे दोघे विरुद्ध मताचे होते.

याचा व्यवहारांत अर्थ काय होतो, तें २०१७ च्या 'हॉवेल विरुद्ध हॉवेल' खटल्यांत दिसून आलें. १९९१ च्या घटस्फोटांत ॲरिझोनाच्या न्यायालयानें पत्नीला पतीच्या भावी पेन्शनाचा निम्मा वांटा दिला. पुढच्या वर्षीं पति हवाई दलांतून निवृत्त झाला आणि दोघांना आपापला भाग मिळूं लागला. सुमारें तेरा वर्षांनीं खांद्याच्या जुन्या दुखापतीमुळें पतीचें अपंगत्व शेकडा २० ठरलें. त्यानें भरपाई घेतली आणि दरमहा सुमारें १,५०० डॉलरांच्या पेन्शनांतून २५० डॉलर सोडून दिले. त्याबरोबर पत्नीचे १२५ डॉलर आपोआप कमी झाले. तिनें दावा केला. ही तूट पतीनें भरून द्यावी, असें ॲरिझोनाच्या न्यायालयांनीं सांगितलें. परंतु १५ मे २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो हुकूम फिरविला. न्यायमूर्ति ब्रेयर यांचें म्हणणें असें कीं, जें थेट वांटतां येत नाहीं तें भरपाईच्या नांवाखालींही वांटतां येणार नाहीं. पत्नीला मिळालेला हक्क मूळचाच अशा संभवाच्या अधीन होता. घटस्फोटाच्या वेळीं न्यायालयानें हा संभव ध्यानांत घ्यावा, किंवा पोटगीचा विचार करतांना तो धरावा, एवढी वाट त्यांनीं मोकळी ठेविली.

येथें दोन्ही बाजूंना न्याय आहे, हेंच या प्रश्नाचें काठिण्य. मोडलेला खांदा पतीचा. त्याची किंमत दुसऱ्यानें वांटून मागूं नये, हें खरें. पण पत्नीनें चालविलेला संसार त्या खांद्याइतकाच खरा होता, आणि न्यायालयानें एकदां दिलेला वांटा तिच्या संमतीवांचून, तिचा कांहींही दोष नसतां कमी व्हावा, हेंही मनाला टोंचतें.

मृत्यूची गोष्ट तर अधिकच स्पष्ट आहे. पेन्शन सैनिकाबरोबर संपतें, आणि वांटाही त्याच दिवशीं संपतो. यावर उपाय म्हणून १९७२ मध्यें वारसदारांसाठीं एक विमायोजना निघाली होती. पेन्शनांतून हप्ता कापून, सैनिकाच्या पश्चात् त्यानें निवडलेल्या रकमेच्या शेकडा ५५ इतकें वर्षासन त्यांतून मिळतें. माजी पत्नीला या योजनेंत ठेवावें असा हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयांना १९८६ मध्यें मिळाला. पण हुकूम मिळाल्यापासून एका वर्षाच्या आंत तिनें सेनेच्या हिशेबखात्याकडे रीतसर अर्ज धाडला पाहिजे. पतीनें नोंद केली नाहीं आणि तिनेंही वर्ष चुकविलें, तर हुकूमनामा पेटींत जपून ठेविलेला कागदच ठरण्याचें भय. लष्करी दवाखान्याची आणि कोठीची सवलतही अशीच वर्षांवर मोजलेली आहे: विवाहाचीं वीस वर्षें, सेवेचीं वीस वर्षें, आणि दोन्ही एकाच काळांत पडलेलीं वीस वर्षें. एकोणीस वर्षें संसार केलेल्या स्त्रीला ती कायमची मिळत नाहीं.

१९८२ च्या कायद्यानें न्यायालयांस सैनिकाच्या पेन्शनाला मिळकत म्हणण्याची मुभा दिली, हें त्याचें मोठें कार्य. पुढें दोन वर्षांनीं, १९८४ मध्यें, खाजगी पेन्शनांतही न्यायालयाच्या हुकुमानें माजी पत्नीस वांटा देण्याची सोय झाली, आणि पत्नीच्या श्रमांना किंमत आहे हें तत्त्व सर्वत्र मान्य झालें. पण याच कायद्यांत दुसरें एक वाक्य आहे. माजी पत्नीला मिळालेला हा वांटा तिला विकतां येत नाहीं, गहाण टाकतां येत नाहीं, आणि मुलांना वारशानें देतांही येत नाहीं. जी वस्तु विकतां येत नाहीं, जी दुसऱ्याच्या आजारपणानें घटते आणि दुसऱ्याच्या मरणानें मरते, तिला मिळकत म्हणणें हें अर्धेंच खरें आहे. काँग्रेसनें नांव तिसरें दिलें. पण त्या नांवाखालीं पहिल्या दोन नांवांचे संस्कार अद्याप शिल्लक ठेविले आहेत.

म्हणूनच त्या देशांतील जाणते वकील आपल्या अशिलांस एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावतात: हक्क आहे एवढ्यावर निर्धास्त राहूं नये, तो हुकूमनाम्यांत कसा लिहिला आहे तें पाहावें. पतीचें अपंगत्व, त्याची बढती, त्याचा मृत्यु, या तिन्हींचा विचार ज्या कागदांत झाला नाहीं, तो कागद न्याय्य असूनही दुबळा राहतो. संसार मोडतांना इतकें दूरचें पाहण्याची मनःस्थिति कोणाची असते? पण ज्या वर्षांचा मोबदला मागावयाचा, तीं वर्षें परत येत नाहींत. निदान त्यांचा हिशेब तरी शांत डोक्यानें लिहिला जावा.